फायद्याचा धंदा आणि याडीची घुगरी

भीमराज पहिल्यांदा आमच्या घरी आला तो माझ्या बापाच्या मरणाबद्दल दोन शब्द बोलायला, आणि त्याला पाण्याचा तांब्या दिला तो माझ्या बापानंच.

पोळा होऊन गेला होता. बा अंगणात बाजेवर बसून चऱ्हाट वळत होता. मी दारात सुपात तूर पाखडत होते. तेवढ्यात वाटेनं एक हडकुळा पोरगा आला. पांढरा शर्ट, खांद्याला काळी बॅग. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कापसापेक्षा कापसाचा अभ्यास करणारेच जास्त पिकत होते, त्यामुळे काळी बॅग दिसली की तांड्यातली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबत. अशा माणसाला पाणी द्यायची आमच्याकडे पद्धत होती. बसवायची नव्हती.

'लालीबाई राठोड इथंच राहतात का?'

'हाव,' बा म्हणाला.

पोरानं तांब्या खाली ठेवला. मान खाली घातली. असं बोलायची सवय नसलेला माणूस आधी मनात वाक्य म्हणून बघतो, तसं त्यानं बघितलं.

'फार वाईट झालं, काका. रामसिंगजींचं.'

बाचं चऱ्हाट थांबलं. 'काय झालं रामसिंगले?'

'म्हणजे... तुम्हाला माहीत नाही?'

'मले काहीच सांगतलं नाही कोणं!' बा खरोखर घाबरला. 'कवा झालं?'

'उन्हाळ्यात... असं लिहिलंय.'

'कोणता रामसिंग? बोरीचा?'

'नाही. लालीबाईंचे... मिस्टर.'

बानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा स्वतःच्या पायांकडे. पाय होते. मग तो शांतपणे म्हणाला, 'बबिता, तुह्या याडीले बोलाव. तिले विचारू. तिले नक्की ठाऊक असन.'

मी सूप तोंडासमोर धरलं. हसू आलं की मी तोंडासमोर जे असेल ते धरते. पण आमचं सूप जुनं, त्याला भोकं पडलेली, आणि त्या भोकांतून मी पहिल्यांदा त्याचे डोळे बघितले. लाजेनं मोठे झालेले, चांगले काळे डोळे.

याडी म्हणजे आई. आम्ही गोर, म्हणजे तुम्ही ज्यांना बंजारा म्हणता ते. याडी चुलीपासून उठून बाहेर आली. त्यानं बॅगेतून फोटो काढला. फोटोत याडीच होती. उंबऱ्यात बसलेली, तोंड आंबट, नजर लांब कुठंतरी. खाली छापलं होतं : 'कै. रामसिंग राठोड यांच्या पत्नी. आता पुढे काय, हा एकच प्रश्न त्यांच्या डोळ्यांत आहे.'

'प्रश्न होता,' याडी म्हणाली. 'बकरी माह्यं वाळत टाकलेलं फेटिया खाऊन राह्यली होती. मी उठतो म्हनलं तर थो फोटोवाला म्हने, उठू नका मावशी, असंच पाहा. मी पाह्यलं. बकरीनं घागऱ्याचा सगळा घेर खाल्ला.'

मग सगळं कळलं. नागपूरची कुठलीशी संस्था होती. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर तिला वेबसाइट हवी होती, म्हणजे परदेशातल्या लोकांना दुःख घरबसल्या बघता आलं असतं. दारव्ह्याच्या भीमराज चव्हाणला काम मिळालं होतं. फोटो त्यांचे, मजकूर त्यांचा, यानं फक्त चढवायचं. पण याला वाटलं, बाईचा फोटो जगभर दिसणार तर तिला एकदा विचारावं. आणि आलोच आहोत तर दोन शब्द बोलावेत.

'तू कोणाचा रे?' याडीनं विचारलं.

'चव्हाण. दिग्रसकडचा तांडा.'

'गोर?'

'हाव, याडी.'

'गोराचा पोट्टा आहेस अन् हे दिसलं नाही तुले?' तिनं डोकं वाकवलं. कपाळाच्या दोन्ही बाजूंना केसांत गुंफलेली चांदीची घुगरी छुनछुन वाजली. फोटोतही ती स्पष्ट दिसत होती. 'जिचा नवरा आहे थेच बाई घालते हे. गेला की उतरवते. तुह्या मायनं नाही घातली?'

'माय लहानपणीच गेली. आश्रमशाळेत वाढलो मी,' तो म्हणाला. 'मला वाटलं, दागिना आहे.'

'दागिनाच आहे,' बा म्हणाला. 'मी जिता आहो, त्याचा.'

त्या दिवशी त्याला बसवलं. भाकर खाऊ घातली. मरणाला भेटायला आलेल्या माणसाला जेवू न घालता पाठवत नाहीत, असं याडीचं म्हणणं पडलं, मरण झालं नसलं म्हणून काय झालं. जाताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, 'हा फोटो मी लावणार नाही.'

'नका लावू,' मी म्हटलं. 'बाला सवय नाही मरायची.'

तो हसला. वाटेच्या वळणावर त्यानं मागं वळून बघितलं. बकरी बघत असावा.

*

आठवड्यानं याडीनं मला दारव्ह्याला पाठवलं. फोटो खरंच लावला नाही ना, ते बघून ये म्हणून. मी बी.कॉम. झालेली, घरी रिकामी. काळीपिवळीत ड्रायव्हरच्या बाजूला चौथी बसून गेले.

त्याचं दुकान अय्यूबभाईंच्या दुकानावरच्या माडीवर होतं. अय्यूबभाई पाण्याच्या मोटारी भरून द्यायचे. बोर्ड एकच होता, दोघांत. वर 'मोटार वाइंडिंग करून मिळेल', खाली 'वेबसाइट बनवून मिळेल'. त्यामुळे निम्मे लोक जळालेली मोटार खांद्यावर घेऊन जिना चढत, आणि भीमराज त्यांना पाणी पाजून परत खाली पाठवी. उलट कधी होत नसे. वेबसाइट मागत अय्यूबभाईंकडे कोणी गेलं नव्हतं.

'लावला नाही,' मला बघताच तो उभा राहिला. 'काम पण गेलं. संस्थेचे साहेब म्हणाले, नवरा जिवंत असलेल्या बाईचा आम्हाला काही उपयोग नाही. मी म्हटलं, मग पूर्ण साइटवर कोण कोण खरंच गेलंय ते मी विचारून येतो. त्यांनी काम नागपूरला दिलं.'

'मोठं होतं काम?'

'रोख देणारं होतं.'

'रोख' हा शब्द त्यानं असा उच्चारला, जसा आमच्याकडे समुद्र उच्चारतात. आहे म्हणतात कुठंतरी.

म्हणजे माझ्या बापाला जिवंत ठेवायच्या नादात त्याचं एकमेव पैशाचं गिऱ्हाईक गेलं होतं. मी खुर्चीत बसले. इतक्या उपकाराखाली माणसानं उभं राहू नये.

'दुसरी कामं?'

'आहेत ना. बँडपार्टीची साइट चालू आहे. पण मजकूर लिहायला जमत नाही. हे वाचा.'

मी वाचलं. 'आमच्या येथे बँड वाजतो. तो चांगला वाजतो.'

'झालं?'

'अजून काय लिहिणार?'

मी खुर्ची पुढं ओढली. 'उठा.'

असं ते सुरू झालं. आठवड्यातून दोनदा, मग तीनदा. तो साइट बांधायचा, मी मजकूर लिहायचे. आजही कोणी तरुण येऊन विचारतं, 'ताई, वेब डेव्हलपमेंटचा छोटा धंदा टाकावा म्हणतो, फायदा आहे का?' तेव्हा मला त्या माडीवरची गिऱ्हाइकं आठवतात आणि मी आधी चहा मागवते.

पहिलं गिऱ्हाईक खुद्द अय्यूबभाई. त्यांनी विचारलं, 'लाइन गेली की माझी वेबसाइट दिसणार का रे भाई?'

'दिसेल ना. ती इथं नसतेच. अमेरिकेत असते, मोठ्या कंप्युटरवर.'

अय्यूबभाईंनी विचार केला. 'चीज अमेरिकेत पडली आहे, तर पैसे तुले कायले देऊ?'

भीमराज साइट बनवायला बसला. अय्यूबभाईंनी भाडं घेणं बंद केलं आणि हिशेब मिटला.

जिनिंगवाले शेठ म्हणाले, साइट दिवाळी ते होळी चालू ठेव, बाकीचे महिने बंद. मोसम नसताना उगाच कायले झिजवायची? विमलताईंचं बिछायत केंद्र होतं, मांडव-खुर्च्या-सतरंज्या. त्यांनी वेबसाइटचं रीतसर उद्घाटन ठरवलं, फुलांचा हार आणला, आणि नको नको म्हणता नारळ मॉनिटरसमोरच फोडला. कीबोर्ड आठ दिवस उन्हात होता. नंतर त्यावर 'क' दाबला की गोड वास यायचा, असं भीमराज सांगे. ते खरं नव्हतं. पण मी वास घेऊन बघितला होता, आणि तो मला बघत होता.

आणि पैसे? शिंप्यानं दोन शर्ट दिले. हॉटेलवाल्यानं चहा कायमचा लावून दिला. न्हाव्यानं दाढी. फोटो स्टुडिओनं त्याचे एवढे पासपोर्ट फोटो काढले की तो जन्मभर अर्ज करू शकला असता. गावात बारा बलुतेदार असायचे म्हणतात, तसा हा तेरावा. इंटरनेट आलं होतं, पण आमच्या तालुक्यात ते बैलगाडीनं आलं होतं.

'तुम्ही पैसे मागत काहून नाही?' मी एकदा विचारलं.

'मागायला तोंड उघडतो,' तो म्हणाला, 'पण तोवर ते म्हणतात, चहा घे. मग तोंड चहाला लागतं.'

'तुम्हाला मागता येत नाही.'

'नाही येत,' त्यानं कबूल केलं. मग कीबोर्डकडे बघत : 'काहीच मागता येत नाही. म्हणजे... काही गोष्टी तर अजिबातच...'

'कोणत्या?'

'लाइन जायची वेळ झाली,' तो म्हणाला. आणि खरंच गेली. आमच्या प्रेमात वीज मंडळाची सोय अशी होती की लाजायला अंधार वेळापत्रकाप्रमाणे मिळायचा.

*

दसऱ्याच्या सुमारास परतीचा पाऊस आला. शेतात बोंडं उघडली होती, पांढराफेक कापूस लोंबत होता, आणि त्यावर दुपारभर पाऊस. कापसाच्या दृष्टीनं तो पाऊस वाईटच होता. मी दारव्ह्यात अडकले.

पत्र्यावर पाऊस वाजत होता. खाली अय्यूबभाई तांब्याची तार गुंडाळत होते, तिचा एकसुरी आवाज येत होता. भीमराजनं खिडकी लोटली, तरी थेंब आत येतच होते. एक माझ्या मनगटावर पडला. त्यानं तो बघितला. पुसला नाही... पण इतका वेळ बघितला की मीच पुसला.

'एक विचारू?' तो म्हणाला.

'विचारायला पैसे लागत नाहीत. तुमच्याकडे तर कशालाच लागत नाहीत.'

'आपल्या दुकानाची स्वतःची साइट आहे ना... तिच्यावर मी मोजणी लावली आहे. किती लोक आले ते दिसतं.'

'बरं मग?'

'कोणीच येत नाही. पण एक माणूस येतं. बोरी अरबला सायबर कॅफे आहे, तिथून. रोज. तिकडं लाइन आली की लगेच.'

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर फक्त पाऊस होता, पण मी तो बारकाईनं बघितला.

'असेल एखादं गिऱ्हाईक.'

'गिऱ्हाईक दर बघतं. हे माणूस सरळ ते पान उघडतं जिथं माझा फोटो आहे. अन् खूप वेळ उघडं ठेवतं.'

'तिथलं नेट स्लो आहे,' मी म्हणाले. 'फोटो वरून खाली हळूहळू येतो. आधी केस येतात, मग कपाळ... डोळ्यांपर्यंत यायलाच पाच मिनिटं जातात.'

बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोलले. तोंडासमोर धरायला सूप नव्हतं. मी कीबोर्ड उचलून धरला.

'बबिता,' तो म्हणाला. आजवर तो मला 'तुम्ही' म्हणत होता, नावानं हाकच मारत नव्हता. 'डोळ्यांच्या पुढं पण उतरतो का फोटो?'

'नाही,' मी कीबोर्डमागून म्हणाले. 'मी तिथंच थांबवते.'

पत्रा वाजत राहिला. तो काहीतरी मागणार होता... तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला, 'मोटार इथंच भरून देता का, भाऊ?'

*

याडीला कळायला फार वेळ लागला नाही. आठवड्यातून तीन वेळा फोटो लावला नाही ना बघायला जाणारी मुलगी कोणत्याही आईला कळते. तिनं बाला सांगितलं. बानं चऱ्हाट वळता वळता ऐकून घेतलं.

'पोरगा चांगला आहे,' तो म्हणाला. 'मले जिता ठेवलं त्यानं. पण पुसदचं पोट्टं सरकारी नोकरीत कायम लागलेलं आहे. दिवाळी झाली की थे लोक गूळ घेऊन येऊन राह्यले.' आमच्याकडे सोयरिकीचा गूळ एकदा सर्वांसमोर खाल्ला की गोष्ट पक्की होते. तो गूळ परत थुंकता येत नाही. 'तू बी.कॉम. आहेस. तूच पाह्य अन् मले सांग. त्याच्या धंद्यात नफा आहे का?'

'अन् असला तर?'

'तं पुसदले गूळ आणू नका म्हनतो.'

'नसला तर?'

बा पुन्हा चऱ्हाट वळायला लागला. तो वाईट माणूस नव्हता. कापसानं त्याला एकच प्रश्न शिकवला होता, आणि तो प्रश्न त्याला आता सगळ्यांना विचारावासा वाटत होता.

मी रात्रभर माझं सगळं वाणिज्य आठवलं. आमच्या पुस्तकात दाढीची नोंद कुठल्या बाजूला करायची ते दिलेलं नव्हतं.

दिवाळीच्या आधीच्या बाजाराला बा स्वतः धंदा बघायला निघाला. सोबत आमच्या तांड्याचे नायक, नेमसिंग आजोबा. लांब पांढऱ्या मिशा, लाल पागोटं. नायकाला विचारल्याशिवाय आमच्यात लग्नाची गोष्ट पुढं जात नाही. मी मागून चालत होते, आणि मनात एकच प्रार्थना होती, लाइन असू दे.

लाइन नव्हती.

माडीवर अंधार. भीमराज नवा शर्ट घालून, शिंप्याकडून आलेला, काळ्या पडद्यासमोर उभा. बानं मॉनिटरवरून बोट फिरवलं.

'हेच का तुहा धंदा?'

'हो, काका. म्हणजे... लाइन आली की दिसतो.'

'अन् नसली की?'

'नसली की... असतोच. दिसत नाही.'

'देवासारखा,' नेमसिंग आजोबा म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

चहा आला. हॉटेलवाले स्वतः घेऊन आले. आजोबांनी बंडीच्या खिशात हात घातला, तर ते म्हणाले, 'आजोबा, भीमराजच्या पाहुण्यांचे पैसे नाही घेत आपण.' आजोबांनी हात बाहेर काढला आणि मिशीवरून फिरवला. खालून अय्यूबभाई मेणबत्ती घेऊन आले आणि परत गेलेच नाहीत, दाराला टेकून उभे राहिले. बाजाराला निघालेल्या विमलताई जिन्यातूनच ओरडल्या, 'भीमराज! पाहुणे आले म्हनते पोरीकडचे? मांडव माह्याकडून, किती वेळा सांगू? खुर्च्या कव्हरवाल्या!'

भीमराजचे कान मेणबत्तीच्या उजेडातही लाल दिसले. बाचं तोंड मात्र घट्ट झालं.

'लोकं चांगली आहेत,' तो म्हणाला. 'पण मी लोकं पाहाले नाही आलो. बबिता, तुले सांगतलं होतं पाहाले. सांग आता. नफा आहे का?'

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भीमराजही. त्या काळ्या डोळ्यांत खोटं बोल असं कुठंच नव्हतं. हीच तर अडचण होती.

'नाही, बा,' मी म्हणाले.

दाराशी अय्यूबभाई खोकले. भीमराजनं मान हलवली, जणू कुणी त्याचं मोजमाप बरोबर घेतलं होतं. बा उठला. 'मंग झालं. पुसदचे येऊन राह्यले थे येऊ दे.'

'बस, रामसिंग,' नेमसिंग आजोबा म्हणाले. ते अजून बशीत फुंकर मारत होते. 'एक सांग. तुह्या कापसात नफा आहे का?'

बा उभाच राहिला.

'गेल्या वर्सी होता? त्याच्या आंधी?'

'कापसाची गोष्ट अलग आहे, नायक.'

'अलग नाही. मले आठवते, तुह्यासाठी मीच गेलतो लालीच्या बापाकडे. त्यानं नफा विचारला असता तं तू अजून बिनलग्नाचा राह्यला असता. या जिल्ह्यात नफा पाहून पोरी देल्ल्या असत्या तं सगळे तांडे केव्हाच उठून गेले असते.' त्यांनी चहा संपवला. 'आपले बुढे लदेणी करत. बैलाच्या पाठीवर लोकायचं मीठ, लोकायचं धान्य, या गावचं त्या गावी. माल आपला नाही, वाट आपली. कोणी धान्य दे, कोणी कापड दे. हा पोट्टा तेच करून राह्यला. लोकायचा माल अमेरिकेले वाहून राह्यला. फक्त बैल दिसत नाही.'

'बैलाले चारा तं लागते ना?' बा म्हणाला.

आणि तेच बरोबर होतं. आजोबांचं बोलणं सुंदर होतं, पण सुंदर बोलण्यावर घर चालत नाही, हे मला दारव्ह्याच्या कॉलेजात नाही तरी आमच्या घरात शिकवलं होतं.

'बा,' मी म्हणाले, 'नफा नाही, पण काहून नाही थे मी पाह्यलं. काम चांगलं आहे. गिऱ्हाईक आहे. याले मागता येत नाही, एवढंच. मले येते.'

'तुले काय येते?'

'मागता. लहानपणापासून मेरा मागून राह्यली मी.'

आजोबा खदखदून हसले. मेरा म्हणजे आमची दिवाळी. अमावास्येच्या संध्याकाळी तांड्यातल्या कुंवाऱ्या पोरी हातात दिवे घेऊन घरोघर गाणं म्हणत जातात आणि ओवाळणी मागतात. दारात दिवा घेऊन उभ्या राहिलेल्या पोरीला रिकाम्या हातानं कोणी पाठवत नाही, आणि मी तर कधी दोन रुपयांत हटलेली नव्हते.

'जिनवाल्या शेठच्या दारात पण मी तशीच उभी राहीन,' मी म्हणाले. 'चहा घे म्हणाले तर चहा घेईन, अन् मग मागीन.'

अय्यूबभाई दाराकडून हळूच म्हणाले, 'मले भाडं सुरू करावं लागेल का आता?'

बा खाली बसला. बराच वेळ काळ्या पडद्यात स्वतःचं तोंड बघत राहिला. मग म्हणाला, 'तुले मागता येते, थे ठीक आहे. पण तुले मागाले कोण आलं? मले तं अजून कोणी काही म्हनलं नाही.'

पुन्हा सगळे भीमराजकडे बघायला लागले. तो माझ्याकडे बघत होता. मी मदत केली असती, माझ्या जिभेवर वाक्य तयारही होतं. पण एवढं एक त्याचं त्यानंच मागायला हवं होतं.

'काका...' तो म्हणाला. 'मी... म्हणजे बबिता...'

'पुढं,' अय्यूबभाई म्हणाले.

'चहा नोको देऊ कोणी त्याले,' आजोबा म्हणाले.

भीमराजनं टेबलाचा खण उघडला. खूप पासपोर्ट फोटो बाजूला सारले. तळातून गुलाबी कागदाची पुडी काढली, सोनाराकडे देतात तशी. ती उघडायच्या आधीच वाजली. छुन.

चांदीची घुगरी होती. जोडी.

'दिग्रसच्या सोनाराची साइट केली,' तो म्हणाला. 'त्यानं विचारलं काय देऊ. पहिल्यांदाच मी तोंड उघडून मागितलं. हीच मागितली.' मग बाकडे वळून, एका दमात, जसं पाण्यात उडी मारतात : 'काका, बबिता मला द्या.'

अय्यूबभाईंनी दारातून पुढं होऊन मेणबत्ती जवळ धरली.

बानं घुगरी तळहातावर घेतली, वजन केल्यासारखी हलवली. 'मागच्या वेळेस तुले ही ओळखता आली नव्हती. आता ठाऊक आहे का, ही घातली म्हनजे काय होते?'

'हो. जी घालते तिचा नवरा जिवंत असतो.'

'मंग?'

भीमराजनं माझ्याकडे बघितलं. फोटोत मी जिथं थांबायचे तिथंच मी थांबले होते.

'मग मला जिवंत राहावं लागेल,' तो म्हणाला.

त्या वर्षांत आमच्याकडे कोणी असं सहज बोलत नसे. आजोबांनी पागोटं नीट केलं, त्याला काही झालेलं नसताना. बानं पुडी गुंडाळून माझ्या हातात दिली आणि ज्याच्या मरणाबद्दल दोन शब्द बोलून झाले होते त्या माणसाच्या अधिकारानं म्हणाला, 'मले जमलं. तुलेही जमन.'

मी पुडी मुठीत धरली. आतून ती बारीक वाजली. मी आधी पदर तोंडासमोर धरला, मग काढला.

'राहा जिवंत,' मी म्हणाले. पहिल्यांदाच 'तू' म्हणाले. 'पण यापुढं तू रोख घ्यायचं.'